पेट्रोल काढलं, बॅटरी बसवली: क्वार्टर स्केल कबचा दोन वर्षांचा हिशोब

आम्ही रिमोटवरची मॉडेल विमानं उडवतो त्या माळावर नवीन आलेला प्रत्येक जण माझी कब (पायपर कब या विमानाचं चौथ्या हिश्शाचं मॉडेल) बघितली की पहिला प्रश्न हाच विचारतो, एवढ्या मोठ्या विमानाला इलेक्ट्रिक परवडतं का हो? आणि मी दर वेळी अर्धवट उत्तर देतो कारण तेव्हा विमान हवेत असतं किंवा ऊन डोक्यावर आलेलं असतं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय, आकड्यांसकट, जे पैसे गेले ते पण आणि जे चुकलं ते पण. दोन सिझन झाले आता, साधारण २४० उड्डाणं झालीत, त्यामुळे वरवरचं नाही बोलत.

आधी जायंट स्केल म्हणजे काय ते सांगतो कारण बरेच जण पाच फुटी फोमच्या विमानालाही जायंट म्हणतात. आयएमएए नावाची मॉडेल विमानवाल्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिच्या व्याख्येप्रमाणे एक पंखी विमान असेल तर पंखांची लांबी ८० इंच किंवा जास्त, दुपंखी असेल तर ६० इंच, नाहीतर मग मूळ विमानाच्या एक चतुर्थांश किंवा त्याहून मोठं मॉडेल. माझी कब म्हणजे पायपर जे-३, खऱ्या विमानाचे पंख ३५ फूट ३ इंच, त्याचा चौथा हिस्सा म्हणजे जवळजवळ १०६ इंच, पावणेनऊ फुटांच्या वर. इनोव्हात मागची सीट पाडूनच बसते. वजन बॅटरी धरून ८.१ किलो. कायद्याच्या बाजूने म्हणाल तर २०२१ च्या ड्रोन रूल्सप्रमाणे हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायचं २५ किलोपर्यंतचं विमान मॉडेल या प्रकारात येतं, पण जागा ग्रीन झोनमध्ये (उडवायला मोकळ्या भागात) आहे का हे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन साइटच्या नकाशावर बघूनच जा, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

विमान सेकंडहँड घेतलं, २२ हजाराला, इंजिन काढलेलं. आधीच्या मालकाने त्यावर ३० सीसीचं पेट्रोल इंजिन सहा वर्षं चालवलेलं. बाल्सा (हलकं लाकूड) आणि प्लायचं काम सुंदर, रिब्ज म्हणजे पंखातल्या फासळ्या अगदी सरळ, पण नाकाकडचा भाग तेलाने माखलेला. फायरवॉलचा, म्हणजे इंजिन बसतं त्या नाकातल्या पाटीचा, प्लाय काळपट पडला होता आणि बोट लावलं की चिकट. आता त्यावर मोटारीचं माउंट बसवायचं म्हणजे इपॉक्सी धरायला पाहिजे आणि तेल मुरलेल्या लाकडावर इपॉक्सी धरत नाही, पापुद्र्यासारखं निघून येतं. मग टाल्कम पावडर दाबून भरली, हीट गनने हळूहळू गरम केलं, तेल वर येऊन पावडर पिवळी पडायची, ती खरवडून काढायची, परत नवीन पावडर. असं चार संध्याकाळी केलं. पाचव्या दिवशी पावडर पांढरीच राहिली तेव्हा थांबलो, वरून ३ एमएमचा नवीन प्लाय लावला, आणि नटबोल्टने आरपार कसला. हे मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडे बहुतेक मोठी विमानं अशीच पेट्रोलवरून फिरून येतात आणि कन्व्हर्जनचं खरं काम मोटार बसवणं हे नाहीच, हे साफ करणं आहे.

मोटार ई-फ्लाइटची पॉवर १६०, २४५ केव्हीची, म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला २४५ फेरे. ही ८ ते १० एस लायपोवर चालते, लायपो म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी आणि एस म्हणजे एकापुढे एक जोडलेले सेल. वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. तुलनेला डीएलई-३० हे ३० सीसीचं पेट्रोल इंजिन घ्या, इंजिन ९०० ग्रॅमच्या थोडं वर, मग मफलर, इग्निशनचा डबा, त्याची बॅटरी, टाकी, आणि टाकीतलं पेट्रोल. मोटार हलकी म्हणून खूश होऊ नका, कारण दोन ५एस ५००० एमएएचच्या बॅटऱ्या (जोडून १०एस) मिळून १.३ किलो होतात. पण कबला ते वजन उपयोगी पडलं. कबचं नाक आखूड असतं, शेपटी जड पडते, पेट्रोलवाल्या मालकाने आत शिसं भरलेलं होतं. ते सगळं शिसं मी काढून टाकलं आणि बॅटऱ्या फायरवॉलच्या मागे अगदी पुढे ढकलून बसवल्या, सीजी (विमान ज्या बिंदूवर तोलतं तो) जागेवर. म्हणजे जे मेलेलं वजन होतं त्याच्या जागी कामाचं वजन आलं.

प्रॉपेलर एपीसी कंपनीचा २० बाय १० इलेक्ट्रिक, म्हणजे २० इंच व्यास आणि १० इंच पिच. जमिनीवर वॉटमीटर लावून फुल थ्रॉटल दिलं तेव्हा ६१ अँपिअर आणि २२०० वॉटच्या आसपास आले. आठ किलोच्या कबला एवढे वॉट म्हणजे भरपूर झाले, टेकऑफला पाऊण थ्रॉटललाच चाकं सुटतात. आणि एकदा वर गेली की कबला लागतंच किती, सरासरी ६०० वॉट. मोठा पंख, हलका भार, संथ चाल, मोठा प्रॉप हळू फिरतोय. इलेक्ट्रिकला हेच आवडतं. ५००० ची जोडी असेल तर १२ मिनिटं आरामात, उतरल्यावर तिसरा हिस्सा शिल्लक. सुरुवातीला मला कुणी सांगितलं असतं की आठ किलोचं विमान बॅटरीवर १२ मिनिटं उडतं तर मी विश्वास ठेवला नसता.

आणि आवाज. आम्ही फलटणच्या बाजूला एका माळावर उडवतो, जागा ज्यांची आहे ते आबा त्यांच्या म्हशी तिथेच चारायला सोडतात. पेट्रोलचं विमान सुरू झालं की म्हशी बांधाच्या पलीकडे पळायच्या आणि मग त्यांना गोळा करायला आबांचा नातू धावायचा. कबच्या पहिल्या दिवशी आबा लिंबाखाली बसले होते, विमान डोक्यावरून गेलं तरी म्हशी मान खाली घालून चरत होत्या. आबा म्हणाले, "आज लय गप हाय की तुमचं इमान." त्या एका वाक्यासाठी मी हा सगळा खर्च पुन्हा एकदा करीन. जागा टिकवायची असेल तर गावाला त्रास न होणं हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, आपल्याकडे उडवायच्या जागा आवाजापायीच जातात.

आता पैशाचं. मला पडलेले आकडे देतोय, तुम्हाला थोडे इकडेतिकडे होतील. मोटार १९ हजार. १२० अँपिअरचा हाय व्होल्टेज ईएससी (मोटारीचा वेग कमीजास्त करणारा कंट्रोलर) साडेसोळा हजार. दोन चॅनलचा चार्जर १४ हजार. कनेक्टर, वायर, प्रॉप, स्पिनर मिळून साडेचार हजार. आणि बॅटऱ्या, ५एस ५००० एक नग ८२०० ला, एका उड्डाणाला दोन लागतात, आणि सकाळभर उडवायचं तर तीन जोड्या तरी पाहिजेतच, म्हणजे सहा नग, ४९,२००. सगळं मिळून एक लाख तीन हजार. पेट्रोलचं इंजिन घेतलं असतं तर इंजिन इथे हातात पडेपर्यंत ३४ हजार आणि टाकी, इग्निशनची बॅटरी, बारीकसारीक तीन हजार, ३७ हजारात काम झालं असतं.

बरं सुरुवातीला जास्त गेले पण नंतर वसूल होतील, पेट्रोल शंभराच्या पुढे गेलंय, असं मला पण वाटलं होतं. कागदावर मांडलं आणि तसं नाहीये. कबसारख्या विमानाला ३० सीसीचं इंजिन १२ मिनिटांत साधारण २०० मिली पेट्रोल पितं, म्हणजे २०-२१ रुपये, त्यात टू स्ट्रोक ऑइलचे चार-पाच रुपये धरा, झाले २५-२६. इलेक्ट्रिकला विजेचे पैसे दोन रुपये, एवढ्यावर लोक थांबतात आणि स्वस्त स्वस्त म्हणतात. पण बॅटरी झिजते ना. १६,४०० ची जोडी नीट सांभाळली तर माझ्या अनुभवात १५० उड्डाणं देते, म्हणजे एका उड्डाणाला ११० रुपये बॅटरीचे गेले. तुम्ही आधीच सगळं पेट्रोल विकत घेऊन ठेवलंय आणि ते थोडं थोडं संपतंय, असं समजा. इलेक्ट्रिक स्वस्त पडतं हे स्कूटरला खरं आहे कारण स्कूटरची बॅटरी आरामात, कमी करंटवर, रोज वापरली जाते. विमानाची बॅटरी बारा मिनिटांत पिळून काढली जाते आणि मग पंधरा दिवस कपाटात पडून राहते.

पडून राहण्याने पण बॅटरी मरते, हे पहिल्या पावसाळ्यात शिकलो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर उडवणं जवळजवळ बंद. मेच्या शेवटच्या रविवारी पाऊस आला म्हणून दोन जोड्या फुल चार्ज तशाच घरी आणल्या आणि पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणून ठेवल्या. पुढचा आठवडा आलाच नाही. ऑगस्टमध्ये पेटी उघडली तर चारपैकी एक नग उशीसारखा फुगलेला, बाकीच्यांचा इंटर्नल रेझिस्टन्स नवीन असताना सेलला २-३ मिलीओहम होता तो ६-७ वर गेलेला. पेट्रोलवाल्या मित्राने टाकी रिकामी करून ठेवली होती, दसऱ्याला नवीन पेट्रोल घातलं, चार झटक्यात सुरू. आता मी माळावरून आलो की जेवायच्या आधी सगळ्या बॅटऱ्या सेलला ३.८५ व्होल्टवर आणून ठेवतो, काही झालं तरी. उन्हाळ्यात गाडीत ठेवून चहाला जाणं पण बंद केलं, एप्रिलमध्ये बंद गाडीत काय होतं ते सांगायला नको.

खरेदीचं एक दुखणं आहे ते सांगितलंच पाहिजे. दुसरी जोडी एका ऑनलाइन दुकानातून घेतली, नाव नाही घेत, लेबलवर ५००० एमएएच ४५सी (सी म्हणजे बॅटरी किती करंट देऊ शकते त्याचा आकडा). पहिल्यापासून विमान दोन मिनिटं आधी थकायचं. मग चार्जरवर सावकाश डिस्चार्ज करून मोजलं, ४१५० निघाले, दुसऱ्या नगाचे ४२००. चार्जरच्या स्क्रीनचे फोटो पाठवले तर उत्तर आलं की चार्जर अचूक नसतो. त्याच चार्जरवर पहिली जोडी ४९०० दाखवत होती. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून कुठलीही नवीन बॅटरी आली की आधी मोजतो, परत करायची मुदत असतानाच, आणि सी रेटिंगच्या आकड्याकडे बघतसुद्धा नाही, वजन बघतो. ५एस ५००० सव्वापाचशे ग्रॅमची असेल तर आत तेवढा मालच नाहीये.

ईएससीचं पण झालं. पहिल्या महिन्यात मी ईएससी केबिनमध्ये मागे ठेवला होता, हवा चांगली लागते म्हणून, आणि बॅटऱ्या पुढे नाकात, त्यामुळे बॅटरीकडच्या वायरी ४० सेंटीमीटर वाढवल्या. विसाव्या-बाविसाव्या उड्डाणाला उतरायच्या आधीच्या शेवटच्या वळणावर फट् असा आवाज आला आणि प्रॉप थांबला. सर्वो (शेपटी-पंखांचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटारी) चालू होते कारण रिसीव्हरला वेगळी लायफची (लिथियम फॉस्फेटची) बॅटरी आहे, हाय व्होल्टेजच्या ईएससीवर विसंबून रिसीव्हर चालवायचा नाही हा नियम त्या दिवशी कामी आला. कब आहे म्हणून तरली, सावकाश तरंगत आली, पण माळ गाठता आला नाही, शेजारच्या कांद्याच्या वाफ्यात उतरली, डाव्या चाकाचा दांडा वाकला. कांद्याचे पैसे द्यायला गेलो तर त्या शेतकऱ्याने घेतले नाहीत, हे पण लिहून ठेवतो.

ईएससी उघडला तर दोन कपॅसिटर फुटलेले. कारण नंतर समजलं. ईएससी सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतो, बॅटरीकडची वायर जितकी लांब तितके प्रत्येक वेळी व्होल्टेजचे झटके जास्त, ते सगळे कपॅसिटरने सोसायचे, ते तापतात आणि शेवटी जातात. वायर वाढवायचीच असेल तर मोटारीकडच्या तीन वायरी वाढवा, बॅटरीकडच्या आखूडच ठेवा. आणि अगदीच नाइलाज असेल तर ईएससीच्या तोंडाशी जादा लो ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेले) कपॅसिटर लावा, दर १० सेंटीमीटरला २२० मायक्रोफॅरॅड असा ठोकताळा हौशी लोकांत चालतो, १०एस ला ६३ व्होल्टचे घ्या. त्या ईएससीच्या कागदात वायरीच्या लांबीबद्दल एक अक्षर नव्हतं, तरीही विकणाऱ्याने वॉरंटी नाकारली. पुन्हा साडेसोळा हजार गेले. हे मी वरच्या हिशोबात धरलेलं नाहीये. आता ईएससी फायरवॉलच्या खाली, काऊलच्या (नाकावरच्या झाकणाच्या) हवेत, आणि काऊलमधून हवा आत येते त्याच्या दुप्पट मोठं भोक बाहेर जायला, मागच्या बाजूला खालून. नुसती पुढून भोकं पाडून उपयोग नाही, हवा बाहेर पडली पाहिजे.

आता ज्यांना कब नको, थ्रीडी म्हणजे हवेतल्या कसरती पाहिजेत, त्यांच्यासाठी. आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राने माझं बघून ९१ इंची एक्स्ट्रा (कसरतीचं विमान) इलेक्ट्रिकवर केली, ५०-६० सीसी क्लासची. १२एस, म्हणजे दोन ६एस ५००० जोडून, फुल चार्जला ५०.४ व्होल्ट. ताकद विचारू नका, उभी टांगून ठेवतो आणि तिथून थ्रॉटल दिलं की रॉकेटसारखी सुटते, पेट्रोलला तो झटका नाही. पण तसं उडवताना सरासरी ५० अँपिअर जातात, म्हणजे पाच मिनिटांत लँडिंग. ते पण घाईचं लँडिंग. एक जोडी १९ हजाराची आणि त्याच्या हाताने ती ९०-१०० उड्डाणांत फुगते, म्हणजे पाच मिनिटांचे जवळजवळ दोनशे रुपये. त्याच विमानावर डीएलई-५५ हे पेट्रोल इंजिन असतं तर अर्ध्या लिटरच्या टाकीत बारा-पंधरा मिनिटं उडवून, उतरून, टाकी भरून, दोन मिनिटांत परत वर. बॅटरीचा किलोला १४०-१५० वॉट-अवर आणि पेट्रोलचा किलोला १२ हजारच्या आसपास, इंजिनने त्यातलं कितीही वाया घालवलं तरी हा फरक भरून निघत नाही. आणि पेट्रोल जळतं तसं विमान हलकं होतं, बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड.

इथे कुणी म्हणेल की मग एफ३ए या कसरतीच्या स्पर्धेत सगळे इलेक्ट्रिकच का उडवतात. कारण तिथलं विमान दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि ५ किलोच्या मर्यादेत असतं, १०एस वर चालतं, कार्यक्रम ठरलेला, वेळ ठरलेली, म्हणजे नेमकी तेवढी बॅटरी नेता येते. आणि दोन मीटर म्हणजे ७८.७ इंच, जायंट स्केलच्या उंबरठ्यावरच थांबतं. त्याच्या वर, आयमॅक या दुसऱ्या कसरत स्पर्धेतली मोठी, खऱ्याच्या ३५-४० टक्के आकाराची विमानं बघा, बहुतेक पेट्रोलच. डीए-१०० हे १०० सीसीचं साधारण पावणेदहा हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन आहे, म्हणजे सव्वासात किलोवॉट, तेवढी ताकद १२एस मधून काढायची तर पावणेदोनशे-दोनशे अँपिअर लागतात. म्हणून लोक १४एस वर जातात, फुल चार्जला ५८.८ व्होल्ट, हाताळायला सुरक्षित मानतात त्या ६० व्होल्टच्या रेषेला टेकलेलं. कनेक्टर वेगळे, ईएससी दुपटीच्या पुढे, एका उड्डाणाच्या बॅटऱ्या ४०-५० हजाराच्या. माझ्या मते १०० सीसीच्या विमानाला आज इलेक्ट्रिक करणं म्हणजे पैसे आहेत म्हणूनच करणं.

माळावर चार्जिंग हा वेगळाच विषय. तीन जोड्या घरून भरून नेल्या की तीन उड्डाणं, संपलं. परत भरायचं तर वीज कुठून आणणार? आबांच्या विहिरीवरच्या पेटीतून घ्या असं सगळे सुचवतात. शेतीपंपाची लाइट एक तर आठवड्याला दिवस-रात्र बदलते, आठ तास येते, आणि आली की आजूबाजूच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात तेव्हा व्होल्टेज किती खाली जातं आणि परत किती उसळतं ते मीटर लावून बघितलंय मी. तिथे १४ हजाराचा चार्जर नाही लावणार. जनरेटर आणला तर पेट्रोल जाळून बॅटरी भरायची आणि आवाज परत आलाच. घरच्या इन्व्हर्टरची १५० ची ट्युब्युलर बॅटरी एकदा नेली, दोघांनी उचलली, कंबर धरली, परत नेली नाही. शेवटी १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेटची १२ व्होल्टची बॅटरी घेतली, बारा किलोची, त्यातून पाच-सहा जोड्या भरतात. तिचे २६ हजार. बघा, खर्च कसा वाढत जातो ते.

परदेशातून कुणी येणार असेल त्याच्याकडून बॅटरी मागवायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा, विमानप्रवासात १०० वॉट-अवरपर्यंतची जादा बॅटरी हँडबॅगेत चालते, १०० ते १६० च्या मधली असेल तर एअरलाइनची परवानगी लागते आणि जास्तीत जास्त दोन. ६एस ५००० म्हणजे १११ वॉट-अवर. ५एस ५००० म्हणजे ९२.५. मी १०एस ठेवलं त्यात हे पण एक कारण होतं, पुतण्या जर्मनीतून येताना विनात्रास घेऊन येतो. चेक-इन बॅगेत अजिबात नाही, कुणालाच तसं सांगू नका.

सुरक्षेचं कळकळीने सांगतो. पेट्रोल इंजिन सुरू करायला प्रॉप मारावा लागतो, त्यामुळे माणूस आपोआप सावध असतो. इलेक्ट्रिक विमान बॅटरी जोडली त्या क्षणापासून जिवंत आहे आणि दिसतं मात्र मेल्यासारखं. वीस इंची प्रॉप २२०० वॉटने फिरला तर हाताचं काय होईल याचा विचार करा. माझ्या कबला बाहेरून, विंडशिल्डच्या मागे उजव्या बाजूला आर्मिंग प्लग आहे, बॅटऱ्या आत जोडून हॅच बंद करून, विमान धावपट्टीवर नेऊन, कुणीतरी शेपटी धरल्यावर मगच प्लग लावतो, आणि उतरल्यावर चालत जाऊन आधी प्लग काढतो, मग विमान उचलतो. प्लग एक्सटी९०-एस चा, आत रेझिस्टर असतो त्यामुळे ठिणगी पडत नाही. साधा लावला तर १०एस ला चटकन मोठी ठिणगी उडते आणि दचकून हात कुठेही जाऊ शकतो. रिमोटवर थ्रॉटल कटचा स्विच वेगळा. मुलगी माझ्याबरोबर येते, तिला पहिल्या दिवसापासून एकच शिकवलंय, प्लग दिसतोय तोपर्यंत पुढे जायचं नाही. लाल फीत बांधलीय त्याला.

आता ज्यामुळे माझा हिशोब बदलला ते. गेल्या दिवाळीत लायपो बाजूला ठेवून लिथियम आयनचा पॅक बनवून घेतला. २१७०० चे सेल (२१ एमएम जाड, ७० एमएम लांब गोल सेल), मोलिसेल कंपनीचे पी४२ए, ४२०० एमएएच, एक सेल ७० ग्रॅमचा, ४५ अँपिअरपर्यंत देणारा. दहा सिरीजमध्ये आणि दोन पॅरलल, म्हणजे २० सेल, १.४ किलो, ८४०० एमएएच. लायपोपेक्षा शंभर-सव्वाशे ग्रॅम जड आणि ऊर्जा १८५ वॉट-अवरच्या जागी ३०० च्या वर. बनवून कोणी दिला, तर इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या आमच्याच गावातल्या एका मुलाने. त्याच्याकडे स्पॉट वेल्डर होता, सेल मॅचिंग करायचं मशीन होतं, फक्त त्याला हे पटवावं लागलं की इथे ६० अँपिअर जाणार आहेत, नुसती निकेलची पट्टी पुरणार नाही, तांब्याची पट्टी घाल, आणि बीएमएस (बॅटरीला जपणारं सर्किट) नको, कारण त्याने हवेत मध्येच करंट तोडला तर विमान पडेल. त्याने दोन दिवस विचार केला, एका जुन्या सेलवर तांबं आणि निकेल एकावर एक वेल्ड करून, ओढून बघितलं, आणि मग हो म्हणाला. काम इतकं स्वच्छ केलं की प्रत्येक वेल्डचे ठिपके एका ओळीत. सेल साडेचारशेचा एक, मजुरी आणि साहित्य धरून पॅक साडेअकरा हजाराला पडला, लायपोच्या एका जोडीपेक्षा जवळजवळ पाच हजाराने कमी.

उडवल्यावर काय? फुल थ्रॉटलला व्होल्टेज लायपोपेक्षा जास्त पडतं, ते जाणवतं, टेकऑफला दहा पावलं जास्त लागतात, लूप मारायचा तर आधी नाक खाली घालून वेग घ्यावा लागतो. पण खरी कब तरी कुठे दणकन वर जाते. आणि उड्डाण २० मिनिटांचं. वीस मिनिटं! पहिल्यांदा टायमर वाजला तेव्हा मानेला रग लागली होती आणि उतरवल्यावर सेलला ३.५ व्होल्ट शिल्लक. आतापर्यंत ८० उड्डाणं झालीत त्यावर, मोजून बघितलं, ८१०० वरून ७९०० वर आलाय फक्त, सेल एकमेकांपासून ०.०१ व्होल्टच्या आत. तापतो किती, हाताला कोमट. तीनशे उड्डाणं जरी गेला तरी एका उड्डाणाचे ३८ रुपये होतात, आणि ते पण २० मिनिटांचे. म्हणजे मिनिटाच्या हिशोबात पेट्रोलच्या बरोबरीला आलो. चार्ज व्हायला वेळ लागतो, अडीच तीन तास, पण दोन पॅक असतील तर सकाळ भरते, माळावर चार्जिंगची गरजच नाही. हा पॅक एक्स्ट्राला चालणार नाही, १०० अँपिअरला तापून मरेल. संथ विमानांसाठीच आहे हा उपाय. कब, टेलर क्राफ्ट, टायगर मॉथ, मोठे ट्रेनर, यांच्यासाठी, ग्लायडर ओढून नेणाऱ्या विमानांसाठी नाही.

तर माझं मत. संथ उडणारं मोठं विमान असेल, सकाळी दोन-चार उड्डाणं करून घरी येणारा माणूस असेल, जागेला आवाजाची अडचण असेल, तर डोळे झाकून इलेक्ट्रिक, आणि सुरुवातीलाच २१७०० चा पॅक बनवा, माझ्यासारखे सहा लायपो घेऊन बसू नका. थरथर नसल्याने सर्वो आणि बिजागऱ्या दोन वर्षांत एकही बदलली नाही, आणि घरी आल्यावर विमान कोरड्या फडक्याने पुसलं की झालं, त्या तेलाच्या चिकट थरापासून सुटका. थ्रीडी, आयमॅक, दिवसभर उडवणं असेल तर पेट्रोल घ्या.

एक्स्ट्रावाल्या मित्राने मोटार आणि ईएससी विकायला काढलेत, डीएलई-५५ मागवलंय. मी त्याच मुलाकडे कबचा दुसरा पॅक करायला दिलाय, सेल आलेत, शनिवारी वेल्ड करणार म्हणाला.